सर्व्हरचा १९ आकडी नंबर आणि एक्सेलने खाल्लेले चार आकडे : स्टोरेज कार्डांची वाचता येणारी यादी स्क्रिप्टने कशी काढायची



या आठवड्याचा व्हिडिओ नेहमीपेक्षा जरा टेक्निकल झालाय. पण तुमच्यापैकी जे कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीच्या धंद्यात आहेत, किंवा एएमसीची कामं घ्यायचा विचार करताहेत, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचा. व्हिडिओत स्क्रीनवर आज्ञा जशाच्या तशा दिसतात, त्या तिथून उतरवून घ्या. इथे मी त्या आज्ञांमागचं "का" सांगणार आहे. कारण आज्ञा कॉपी करणारे पुष्कळ असतात, पण गिऱ्हाईक पैसे देतं ते "का" माहीत असणाऱ्याला.

आधी माझीच फजिती सांगतो.

शनिवारची रात्र

आमचं दुकान नाशिकला. लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही करत करत एका कारखान्याची सर्व्हरची एएमसी मिळाली. चार सर्व्हर, त्यांवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय, आणि सगळा डेटा एका वेगळ्या स्टोरेज बॉक्सवर. कंपनीने नवीन स्टोरेज घेतलं. ते बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर येणार होते. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तुमच्या सर्व्हरच्या कार्डांचे डब्ल्यूडब्ल्यूएन पाठवा, मी झोनिंग आधीच करून ठेवतो."

मी इंटरनेटवर पाहून एक ओळीची स्क्रिप्ट चालवली, फाइल काढली, एक्सेलमध्ये उघडली. कॉलममध्ये १.१५ई+१८ असं काहीतरी दिसत होतं. मी फॉरमॅट बदलून नंबर केला, पूर्ण आकडे दिसले, सेव्ह केलं. मग एकेक आकडा कॅल्क्युलेटरमध्ये टाकून हेक्समध्ये बदलला आणि यादी पाठवून दिली. आठ कार्ड-पोर्ट, आठ ओळी. काम फत्ते!

शनिवारी रात्री केबल नव्या स्विचला लावल्या. चारपैकी एकाही सर्व्हरला नवीन स्टोरेज दिसेना. सोमवारी सकाळी ७ वाजता पहिली पाळी. रात्री अडीच वाजता त्या इंजिनिअरांनी स्विचवर प्रत्यक्ष जोडलेल्या कार्डांची यादी काढली आणि माझ्या यादीशेजारी ठेवली. सुरुवात तंतोतंत तीच. शेवटचे आकडे मात्र वेगळे, आणि तेही आठच्या आठ ओळींत.

ते काही बोलले नाहीत, सगळं पुन्हा भरलं. पहाटे साडेपाचला सर्व्हर सुरू झाले. त्या रात्रीचं बिल मी लावलं नाही. लावायला तोंडच नव्हतं.

चूक नेमकी कुठे झाली ते पुढे येईलच. आधी मुळापासून समजून घेऊ.

हा नंबर आहे तरी काय?

एकाच मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवतात, त्या मोठ्या सर्व्हरला होस्ट म्हणतात. मोठ्या सेटअपमध्ये होस्टचा डेटा त्याच्या पोटातल्या डिस्कवर नसतो, तो बाहेरच्या स्टोरेजवर असतो. तिथपर्यंत जाण्यासाठी सर्व्हरमध्ये एक कार्ड असतं, त्याला एचबीए म्हणतात. फायबर चॅनलच्या जाळ्यात या कार्डाच्या प्रत्येक पोर्टला जगात वेगळी अशी ओळख असते. तीच डब्ल्यूडब्ल्यूएन, म्हणजे वर्ल्ड वाइड नेम.

सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचं उदाहरण घ्या. त्याच्या वहीत नाव असेल तरच आत सोडतो. फायबर चॅनल स्विचमध्ये "कोण कोणाशी बोलू शकतं" याची वही असते, तिला झोनिंग म्हणतात. स्टोरेज बॉक्समध्ये दुसरी वही असते, कुठल्या सर्व्हरला कुठली डिस्क दाखवायची याची. दोन्ही वह्यांत साधारणपणे हाच नंबर लिहिलेला असतो. एक अक्षर चुकलं तरी वॉचमन दार उघडत नाही, आणि "स्पेलिंग चुकलंय" असंही सांगत नाही. नुसता गप्प बसतो.

हा नंबर वाचायचा कसा?

तुम्ही जीएसटी नंबर वाचता ना? १५ अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा अक्षरं पॅन. नवीन माणसाला तो गोंधळ वाटतो, पण दुकानदार एका नजरेत सांगतो की पार्टी कुठल्या राज्यातली.

डब्ल्यूडब्ल्यूएनचंही तसंच आहे. तो ६४ बिटांचा असतो. हेक्समध्ये लिहिला की १६ अक्षरं होतात, आणि दोन-दोन अक्षरांच्या आठ जोड्या करून मध्ये कोलन देतात. हेक्समध्ये ० ते ९ आकडे आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा अक्षरं.

उदाहरणासाठी हा बनवलेला नंबर बघा:

१०:००:००:००:सी९:१२:३४:५६

पहिलं अक्षर सांगतं की नंबर कुठल्या पद्धतीचा आहे. इथे १ आहे. या पद्धतीत पहिल्या दोन जोड्या सोडल्या की पुढच्या तीन जोड्या कंपनीचा कोड असतात. हे कोड आयईईई ही संस्था वाटते. ००:००:सी९ हा एम्युलेक्सचा कोड. शेवटच्या तीन जोड्या त्या कार्डाच्या स्वतःच्या. क्यूलॉजिकच्या जुन्या कार्डांवर २१:००:००:ई०:८बी अशी सुरुवात दिसते. तिथे पद्धत २ आहे आणि ००:ई०:८बी हा कंपनीचा कोड. पहिलं अक्षर ५ असेल तर कंपनीचा कोड लगेच दुसऱ्या अक्षरापासून सुरू होतो, म्हणून जोड्यांच्या हिशोबाने तो एक घर सरकलेला दिसतो.

आता जीएसटी नंबरशी असलेला एक फरक नीट लक्षात ठेवा. जीएसटी नंबरचं शेवटचं अक्षर तपासणीचं असतं. मधलं एखादं अक्षर चुकलं तर पोर्टल लगेच ओरडतं. डब्ल्यूडब्ल्यूएनमध्ये असं तपासणीचं अक्षर नसतं. चुकीचा नंबरही दिसायला बरोबरच दिसतो. म्हणून हाताने टाइप करायचा मोह टाळा. चार सर्व्हर, प्रत्येकी दोन पोर्ट, म्हणजे आठ नंबर ठीक आहे. पण ३० सर्व्हर आले की ६० नंबर, प्रत्येकी १६ अक्षरं, म्हणजे ९६० अक्षरं. चुकायच्या ९६० जागा!

स्क्रिप्ट देते ते आकडे वेगळेच का दिसतात?

व्हीएमवेअरची पॉवरसीएलआय नावाची मोफत साधनपेटी आहे, ती विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बसते. तिच्यात होस्टची कार्डं विचारायची आज्ञा आहे: गेट-व्हीएमहोस्ट-एचबीए. ती चालवली की नोड आणि पोर्ट अशी दोन नावं मिळतात. पण वरचा आपला नंबर तिथे असा दिसतो:

११५२९२१५०७९८०२६०४३८

घाबरू नका, नंबर तोच आहे. कॉम्प्युटरच्या पोटात तो एक मोठी पूर्णांक संख्या म्हणून ठेवलेला असतो, आणि आज्ञा तो आपल्या रोजच्या दशमान पद्धतीत छापते. हेक्स ही त्याच संख्येची दुसरी लिपी. एक हजार रुपये आकड्यात लिहा की अक्षरात, रक्कम तीच.

मग वाचता येणाऱ्या रूपाचा आग्रह कशाला? कारण पुढच्या माणसाला स्विचवर आणि स्टोरेजवर हेक्सच दिसतं. आणि दुसरं कारण खरं महत्त्वाचं आहे. प्रत्येक कार्डाला एक नोडचं नाव असतं आणि प्रत्येक पोर्टला पोर्टचं. वरच्या कार्डाचं नोडचं नाव असं असू शकतं:

२०:००:००:००:सी९:१२:३४:५६

हेक्समध्ये लगेच कळतं की दोन्ही एकाच कार्डाची नावं आहेत, फक्त पहिलं अक्षर वेगळं. हेच दशमानात २३०५८४३०१२५८७१०७४१४ असं दिसतं. आता सांगा, हा आकडा आणि वरचा आकडा एकाच कार्डाचे आहेत हे कुणाला कळणार? झोनिंगला साधारणपणे पोर्टचं नाव लागतं. नोडचं देऊन बसलात तर पुन्हा तीच शनिवारची रात्र.

माझी चूक : एक्सेल

एक्सेल संख्येचे फक्त १५ महत्त्वाचे आकडे जपतं. आपला नंबर १९ आकडी. म्हणजे फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शेवटचे चार आकडे शून्य होतात:

११५२९२१५०७९८०२६००००

हा आकडा हेक्समध्ये बदला. उत्तर येतं १०:००:००:००:सी९:१२:३२:ए०. मूळ नंबर संपतो ३४:५६ ने, हा संपतो ३२:ए० ने. पहिल्या सहा जोड्या अगदी बरोबर! आपला डोळा सुरुवात बघतो, जुळली की पुढे जातो. माझ्या आठही ओळींच्या शेवटी चार शून्यं होती, ती मला दिसत होती, पण त्यांत काही विचित्र आहे असं वाटलं नाही. आठ वेगवेगळी कार्डं आणि सगळ्यांचे आकडे ०००० ने संपणारे, असं कुठे असतं का?

अशीच फसगत काही ऑनलाइन कन्व्हर्टरमध्येही होते. ब्राउझरमध्ये चालणारी साधी जावास्क्रिप्ट संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक आकडा नेमका धरून ठेवू शकत नाही. आपला नंबर त्याच्या कितीतरी पुढे आहे. त्यामुळे वेबसाइटने दिलेलं उत्तर बरोबर असेलच असं धरून चालू नका.

धडा सरळ आहे: बदल स्क्रिप्टच्या आतच करायचा, एक्सेलला तयार मजकूर द्यायचा. कोलन घातलेला नंबर एक्सेल मजकूर म्हणूनच ठेवतं, त्याला हात लावत नाही. म्हणजे कोलन नुसतं वाचायला सोपं जावं म्हणून नाही, नंबरचं रक्षणही तेच करतं.

स्क्रिप्ट : पाच पायऱ्या

व्हिडिओ शेजारी लावा आणि एकेक पायरी समजून घ्या.

१. जोडणी. कनेक्ट-व्हीआयसर्व्हर या आज्ञेने व्हीसेंटरला जोडून घ्या. व्हीसेंटर म्हणजे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारा प्रोग्रॅम. इथे गिऱ्हाईकाकडे ॲडमिनचा पासवर्ड मागू नका. आपल्याला फक्त वाचायचंय, बदलायचं काहीच नाही, म्हणून फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं खातं मागा. याने दोन फायदे. चुकून काही बिघडत नाही, आणि आयटी मॅनेजरला कळतं की माणूस जबाबदार आहे.

२. होस्टची यादी. गेट-व्हीएमहोस्टने सगळे होस्ट घ्या आणि नावाप्रमाणे लावा. नंतर यादी तपासायला सोपी जाते.

३. कार्डं. प्रत्येक होस्टसाठी गेट-व्हीएमहोस्ट-एचबीए, आणि प्रकार म्हणून फायबर चॅनल. प्रकार दिला नाहीत तर सर्व्हरच्या आतल्या साध्या डिस्क कंट्रोलरच्या ओळीही यादीत येतात आणि गोंधळ वाढतो.

४. रूपांतर. हा खरा गाभा. पोर्टच्या नावाची संख्या टू-स्ट्रिंगने मजकुरात बदलायची आणि फॉरमॅट म्हणून एक्स-१६ द्यायचं. एक्स म्हणजे हेक्स, १६ म्हणजे कायम १६ अक्षरं. एक्स लहान लिपीतला असेल तर अक्षरं लहान येतात, कॅपिटल असेल तर कॅपिटल. १६ लिहायला विसरू नका. एखादा नंबर शून्याने सुरू होत असेल तर पुढचं शून्य गळून जातं आणि सगळ्या जोड्या सरकतात. मग रिप्लेस वापरून दर दोन अक्षरांनंतर कोलन घालायचं, शेवटची जोडी सोडून. नोडच्या नावालाही हेच करायचं.

५. फाइल. एक्सपोर्ट-सीएसव्हीने फाइल काढा. कॉलम एवढेच ठेवा: होस्टचं नाव, कार्डाचं नाव (ईएसएक्सआय त्याला व्हीएमएचबीए१, व्हीएमएचबीए२ अशी नावं देतं), मॉडेल, स्थिती, नोडचं नाव, पोर्टचं नाव. आणि फाइलच्या नावातच तारीख घाला.

पहिल्यांदा लिहायला अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे तीच स्क्रिप्ट काही मिनिटांत काम करते.

पाठवण्याआधी चार तपासण्या

स्क्रिप्ट चालली म्हणजे यादी बरोबर आहे असं नाही. गल्ला बंद करताना आपण रोकड मोजतोच ना? तसंच इथे.

- ओळी मोजा. होस्ट गुणिले पोर्ट. चार होस्ट, दोन-दोन पोर्ट, म्हणजे आठ ओळी हव्यात. सात आल्या तर थांबा. एखादा होस्ट बंद असेल किंवा व्हीसेंटरपासून तुटलेला असेल.
- दुबार बघा. कुठलंही पोर्टचं नाव दोनदा येता कामा नये.
- शेपूट बघा. सुरुवात नाही, शेवटच्या तीन जोड्या बघा. कार्डाचं वेगळेपण तिथेच असतं.
- एक नंबर दुसऱ्या वाटेने काढा. एखाद्या होस्टवर ईएसएक्ससीएलआयने ॲडॅप्टरची यादी काढा. तिथे एफसी, मग टिंब, मग नोडचं नाव, कोलन, पोर्टचं नाव असं हेक्समध्येच दिसतं. तुमच्या फाइलशी जुळवा. कार्ड स्विचला जोडलेलं असेल तर स्विचवरही जुळवता येतं, ते सगळ्यात उत्तम.

चौथी तपासणी मी त्या शुक्रवारी केली असती तर पाच मिनिटं गेली असती. न केल्यामुळे एक रात्र गेली.

यादी जुनी होते, हे गिऱ्हाईकाला सांगा

साध्या रॅक सर्व्हरमध्ये कार्ड खराब झालं आणि बदललं, की नंबर बदलतो, कारण तो कार्डाबरोबर येतो. मग स्विच आणि स्टोरेज, दोन्हीकडच्या वह्या बदलाव्या लागतात. काही ब्लेड सर्व्हरमध्ये, उदाहरणार्थ सिस्कोच्या यूसीएसमध्ये, नंबर कार्डाचा नसतो, सर्व्हरच्या प्रोफाइलला दिलेला असतो. तिथे कार्ड बदललं तरी नंबर तोच राहतो. तुमच्या गिऱ्हाईकाकडे कुठला प्रकार आहे ते यादीत एका ओळीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी कार्ड जळेल तेव्हा ती ओळ सोन्यासारखी वाटेल.

आणि ज्यांच्याकडे फायबर चॅनल नाही, आयस्कझी आहे, त्यांचं काम बरंच सोपं. तिथे ओळख आयक्यूएन या रूपात असते. त्यात वर्ष-महिना आणि उलटं लिहिलेलं डोमेन नाव असतं, म्हणजे ती मुळातच वाचता येते. व्हीएमवेअरच्या नावात १९९८-०१ दिसतं, ती तुमच्या सर्व्हरची तारीख नव्हे, त्या डोमेन नावाशी जोडलेली आहे. तरीही यादी स्क्रिप्टनेच काढा. सवय एकच ठेवावी.

यात धंदा कुठे आहे?

आता मुद्द्याचं. लहान आणि मध्यम कंपन्यांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो. सर्व्हर महागडा, स्टोरेज महागडं, पण कुठलं कार्ड कुठे जोडलंय याचा कागद नाही. ज्याने बसवलं तो माणूस नोकरी सोडून गेलेला.

एएमसीच्या कोटेशनमध्ये मी आता एक वेगळी ओळ घालतो: "सर्व्हर व स्टोरेज नोंदवही, दर सहा महिन्यांनी". त्यात ही यादी, स्विचचा कुठला पोर्ट कुठल्या कार्डाला, आणि तारीख. स्क्रिप्टमुळे माझा वेळ थोडा जातो, पण गिऱ्हाईकाच्या हातात दिसणारी वस्तू येते. लक्षात घ्या, एएमसीची सगळ्यात मोठी अडचण हीच असते की सगळं नीट चाललं तर गिऱ्हाईकाला वाटतं, "हे काय काम करतात?" नोंदवही हे त्याचं उत्तर.

दोन पथ्यं मात्र पाळा. एक, यादी गिऱ्हाईकाची मालमत्ता आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ज्या माणसाला पाहिजे त्यालाच मेल करा. दोन, चूक झाली तर आधी आपण सांगा. त्या रविवारी सकाळी मी कारखान्याच्या मॅनेजर साहेबांना स्वतः फोन केला. एक्सेलने आकडे खाल्ले आणि मी तपासले नाहीत, असं सरळ सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पुढच्या वेळी तपासाल ना?" ती एएमसी आजही माझ्याकडे आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

सर्व्हर नसला तरी हे करता येतं. एक्सेल उघडा, ११५२९२१५०७९८०२६०४३८ हा आकडा टाइप करा, एंटर दाबा आणि शेवटचे चार आकडे बघा. मग विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅमर मोड लावून दोन्ही आकडे हेक्समध्ये बदला. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की आयुष्यभर विसरणार नाही. मग ते डब्ल्यूडब्ल्यूएन असोत, बँकेचे लांबलचक खाते क्रमांक असोत की कुरिअरचे ट्रॅकिंग नंबर. मोठा नंबर एक्सेलमध्ये टाकण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करायचा, हे दुकानातल्या पोरालाही शिकवून ठेवा.

पुढच्या भागात एएमसीचं कोटेशन कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत, शेपूट तपासायला विसरू नका!